दोरी कोणाच्या हातात? पंधरा ऑगस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै संपत आला की नागपुरातल्या आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात. कार्यक्रम किती वाजता, झेंडा कोण फडकवणार, भाषणाला मुलीला काहीतरी मुद्दे सांगा ना, आणि पोह्यांचं काय. अठ्ठेचाळीस घरांची वसाहत, त्यात निम्मी माणसं बदलीची किंवा भाड्याची, त्यामुळे उत्तरं दर वर्षी नव्याने द्यावी लागतात. यंदा एकदाचं लिहूनच काढलं. काही प्रश्न कामाचे आहेत, काही भांडणाचे. भांडणाच्या प्रश्नांना जास्त जागा गेली आहे, त्याला इलाज नाही.

यंदाचा स्वातंत्र्यदिन कितवा? बॅनरवर काय छापायचं?

चालू वर्षातून १९४६ वजा करा. आलेला आकडा म्हणजे कितवा स्वातंत्र्यदिन. १९४७ वजा केले तर स्वातंत्र्याला किती वर्षं झाली ते मिळतं. २०२५ साली ७९ वा स्वातंत्र्यदिन होता आणि स्वातंत्र्याला ७८ वर्षं पूर्ण झाली होती. पहिला स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्ट १९४७ रोजीच साजरा झाला, हे विसरलं की घोळ होतो. एकदा आमच्या गेटवर ‘वा वर्धापनदिन’ असं लिहिलेला, आकड्याची जागा कोरी सोडलेला बॅनर लागला होता. छापणाऱ्याने भांडण टाळलं, शहाणा माणूस.

कार्यक्रम किती वाजता असतो?

साडेसातला. महाराष्ट्रात शासनाचा मुख्य कार्यक्रम सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी होतो. लोकांना तिथे जाता यावं म्हणून ८.३५ ते ९.३५ या वेळेत इतरांनी आपलं ध्वजारोहण ठेवू नये, अशी सूचना असते. शिवाय मुलांना त्यानंतर शाळेत जायचं असतं. तेव्हा साडेसात म्हणजे साडेसात. सव्वाआठपर्यंत सगळं आटोपायला हवं.

१५ ऑगस्ट हीच तारीख का?

खरं सांगायचं तर ही तारीख आपण ठरवलेली नाही. ब्रिटिशांनी आधी जून १९४८ पर्यंत सत्ता सोडायचं जाहीर केलं होतं. व्हाइसरॉय म्हणून माउंटबॅटन आले आणि त्यांनी तारीख अलीकडे ओढली. दुसऱ्या महायुद्धात जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली होती, तो दिवस त्यांच्या लेखी मोलाचा होता. ब्रिटिश संसदेने केलेल्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यावर १८ जुलै १९४७ रोजी राजाची मोहोर उमटली आणि महिन्याभरात दोन देश उभे राहिले. सीमारेषा तर १७ ऑगस्टला जाहीर झाली. पंधरा तारखेला झेंडे लागले तेव्हा पंजाब-बंगालातल्या कित्येक गावांना आपण नेमके कुठल्या देशात आहोत हेच ठाऊक नव्हतं.

आपल्या महाराष्ट्रातही सगळ्यांना त्या दिवशी स्वातंत्र्य मिळालं नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तो १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला. शेजारच्या गोव्याला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वाट पाहावी लागली. आमच्या वसाहतीत नांदेडचं एक कुटुंब आहे, ते सतरा सप्टेंबरला आपल्या बाल्कनीत वेगळा झेंडा लावतात. पहिल्या वर्षी दोघांनी विचारलं, “आज काय आहे बा?” आता कोणी विचारत नाही, उलट पेढे आले नाहीत तर चौकशी होते.

मग २६ जानेवारीचं काय?

ती तारीख मात्र आपली. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्याचा दिवस म्हणून पाळला गेला. प्रत्यक्ष स्वातंत्र्य पंधरा ऑगस्टला आल्यावर ही जुनी तारीख वाया जाऊ नये म्हणून संविधान लागू करायला १९५० साली तीच निवडली. दिल्लीत पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात आणि सव्वीस जानेवारीला वर बांधून ठेवलेला झेंडा फक्त उलगडतात. आम्ही दोन्ही दिवशी खालूनच चढवतो.

झेंडा बांधायचा कसा? मागच्या वेळेसारखं व्हायला नको.

झालं, हा प्रश्न यायचाच होता. नवीन लोकांसाठी सांगतो. तीन वर्षांपूर्वी दोरी ओढली आणि झेंडा उघडलाच नाही. रात्रभर पाऊस, दोरी नायलॉनची, बांधणाऱ्याने (म्हणजे मीच) सुटायला नको म्हणून चांगली दोन पदरी गाठ मारलेली. दोरी ओढली की गाठ आणखी आवळायची. तेवढ्यात स्पीकरवाल्या पोराने राष्ट्रगीत लावून दिलं. मग काय, अख्खी वसाहत सावधान उभी आणि बावन्न सेकंद सगळे एका केशरी-हिरव्या गाठोड्याकडे टक लावून बघत होते. राष्ट्रगीत संपल्यावर झेंडा खाली घेतला, दातांनी गाठ सोडली, पुन्हा चढवला. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “आमच्या वेळी इंग्रज झेंडा उघडू देत नव्हते, आता तुम्ही देत नाही.”

तर पद्धत अशी. खादीच्या झेंड्याला एका बाजूला पांढऱ्या जाड कापडाची पट्टी असते आणि तिच्यातून दोरी गेलेली असते. वरच्या टोकाला लाकडाची छोटी खुंटी, खालच्या टोकाला फास. खुंटी जिकडे तिकडे केशरी, एवढं लक्षात ठेवलं की झेंडा उलटा लागत नाही. आधी केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग मोकळ्या टोकाकडून पट्टीकडे गुंडाळत यायचं, शेवटच्या दोन वळशांत पाकळ्या भरायच्या. झेंडूच्या सुट्या पाकळ्या घ्या. अख्खं फूल टाकलं तर ते खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यात पडतं. मग खालच्या दोरीचा एक वळसा गुंडाळीभोवती द्यायचा आणि त्याच दोरीचा दुमडलेला भाग, म्हणजे नुसता अर्धा फास, वळशाखाली खोचायचा. गाठ मारायचीच नाही. ही सरकगाठ म्हणजे बुटाच्या नाडीची गाठ समजा, एक टोक ओढलं की सुटली. बांधल्यावर जमिनीपासून हातभर वर घेऊन एकदा ओढून बघा. कप्पीला आदल्या संध्याकाळी थेंबभर तेल. दोरी सुती आणली आहे, नायलॉनची भंगारात गेली.

घरावर झेंडा लावायचा तर नियम काय?

२००२ साली ध्वजसंहिता आली तेव्हापासून सामान्य माणसाला वर्षाचे सगळे दिवस झेंडा लावता येतो. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नागरिकाचा हक्क मानला. त्याआधी घरावर झेंडा म्हणजे ठरावीक दिवसांचीच मुभा होती, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडाही चालेल असा बदल झाला. जुलै २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो, आधी सूर्यास्ताला उतरवावा लागे. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. आकार कितीही. फाटका, मळका झेंडा लावायचा नाही, त्याच्याहून उंच दुसरा कुठलाही झेंडा नको, त्यावर काही लिहायचं नाही, आणि टेबलक्लॉथ किंवा गाडीचं कव्हर म्हणून तो वापरायचा नाही. हे शेवटचं लिहावं लागतं, कारण झालेलं आहे.

प्लॅस्टिकचे झेंडे आणू नका. कागदी झेंडे मुलांनी हातात धरायला चालतात, पण सोळा तारखेला ते नालीत दिसता कामा नयेत. गेटजवळ खोका ठेवलेला असतो, त्यात टाका. खराब झालेला झेंडा फाडून फेकत नाहीत, एकांतात मानाने पूर्ण नष्ट करायचा, शक्यतो जाळून.

पाऊस आला तर?

नागपूरचा ऑगस्ट आहे, येणारच. झेंडा भिजला तर भिजू द्या. छत्री उघडायची तर राष्ट्रगीत सोडून.

सॅल्यूट करायचा की नुसतं उभं राहायचं?

गणवेशात असलेल्यांनी सॅल्यूट. बाकी सगळ्यांनी झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं, एवढंच. मोबाइल खिशात.

भाषणासाठी नागपूरचं काहीतरी सांगा ना. सगळी मुलं तेच तेच बोलतात.

सांगतो, कारण या विषयावर मला थांबवणारं कोणी नाही.

नागपूरच्या मुलाने झेंड्यावर बोलायचं तर १९२३ वर बोलावं. तेव्हाचा झेंडा आजचा नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल पट्टा आणि त्यावर चरखा. त्या मार्चमध्ये जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर हा झेंडा लावण्यावरून वाद पेटला आणि त्याची ठिणगी इथे आली. मुद्दा अगदी साधा होता. झेंडा हातात घेऊन सिव्हिल लाइन्सच्या रस्त्याने चालायचं. सिव्हिल लाइन्स म्हणजे साहेबांचे बंगले. तिकडे हा झेंडा घेऊन यायचं नाही, असा हुकूम. मग १ मेपासून रोज स्वयंसेवकांची तुकडी निघायची, झेंडा घेऊन त्या हद्दीपर्यंत जायची, पोलीस पकडायचे, तुरुंग. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. नागपूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला हे किती अवघड ते कळेल. नुसतं भाजी आणायला बाहेर पडायचं म्हटलं तरी माणूस दुपट्टा गुंडाळतो.

जमनालाल बजाज पुढे होते. त्यांना जूनमध्ये अटक झाली, तेव्हा वल्लभभाई पटेल नेतृत्वासाठी आले. विनोबा तुरुंगात गेले, सुभद्राकुमारी चौहान यांनी अटक करवून घेतली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं आगगाडीने नागपूरला यायची, केवळ एका रस्त्यावरून चालण्यासाठी. अखेर ऑगस्टमध्ये मिरवणूक झेंड्यासह त्याच रस्त्याने गेली आणि कैदी सुटले.

मला या लढ्याचं फार अप्रूप आहे. कर नाही, मीठ नाही, जमीन नाही. मी कुठल्या रस्त्याने, काय हातात घेऊन चालायचं हे दुसऱ्याने का ठरवावं, एवढाच प्रश्न. आज त्याच सिव्हिल लाइन्समध्ये आपण सकाळी फिरायला जातो आणि पार्किंग मिळत नाही म्हणून चिडतो.

भाषण तीन मिनिटांचं आहे, तेव्हा एवढं पुरे. पण ज्यांना आणखी हवं त्यांच्यासाठी: डिसेंबर १९२० च्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव झाला तो इथेच, विजयराघवाचारियर अध्यक्ष होते, आजचं काँग्रेसनगर हे नाव त्याचंच. ‘चले जाव’चा मसुदा १४ जुलै १९४२ ला शेजारच्या वर्ध्यात कार्यकारिणीने मंजूर केला. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीत गोळीबार झाला, लोकही पेटले. चिमूरच्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. तुकडोजी महाराज भजनं म्हणायचे, खंजिरी वाजवायचे, सरकारला तेवढंही सोसलं नाही आणि त्यांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. नागपूरच्या तुरुंगात १९४३ साली फाशी गेलेला शंकर महाले तर पोरसवदाच होता. भाषणात एकाच माणसाबद्दल बोलायचं असेल तर त्याच्याबद्दल बोला.

सीताबर्डीचा किल्ला त्या दिवशी खरंच उघडा असतो का?

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. एरवी बंद, पण २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांना आत सोडतात. ओळखपत्र घ्या, सकाळी लवकर जा, निघण्याआधी त्या वर्षीची वेळ वर्तमानपत्रात बघून घ्या. मेट्रोने गेलात तर सीताबर्डी किंवा झिरो माईल, गाडी मात्र नेऊ नका.

आत गेल्यावर सेल्फी काढा, पण खाली शहराकडेही एकदा बघा. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी याच दोन टेकड्यांवर इंग्रज फौज अडकली होती आणि अप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्याने त्यांना घेरलं होतं. भोसल्यांकडे माणसं कितीतरी पटीने जास्त, त्यांत अरब शिपाई नामांकित. रात्रभर लढाई चालली, सकाळी लहान टेकडी भोसल्यांच्या हाती आली देखील, पण दुपारपर्यंत फासे पलटले. हरलो. पुढे राज्य नावापुरतं उरलं. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी औरस वारस नसताना वारले. दत्तक मान्य नाही म्हणून गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ साली नागपूर खालसा करून टाकलं. लढाईसुद्धा नाही, एक कागद. भोसल्यांच्या घरात वारस कोण हे कलकत्त्याहून ठरलं.

मारबतीचा आणि स्वातंत्र्याचा काय संबंध? दर वर्षी कोणीतरी तसं म्हणतं.

बाहेरून आलेल्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. “इडा, पीडा घेऊन जा गे मारबत” असं ओरडत पुतळे नेऊन जाळतात. जुनी माणसं सांगतात की काळी मारबत म्हणजे बाकाबाई, भोसले घराण्यातली, जिने इंग्रजांशी हातमिळवणी केली. इतिहासकार बाकाबाईबद्दल एवढं सरळ बोलत नाहीत, राज्य बुडताना काय काय वाचवता येईल ते पाहणारी बाई म्हणूनही तिच्याकडे बघता येतं. पण गर्दीला तळटीप नको असते. सोबत बडगे असतात, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा. महागाई, खड्डे, घोटाळे, कोणीही सुटत नाही. इंग्रजांच्या काळात सुरू झालेली ही टिंगल आपल्या सरकारांनाही सोसावी लागते. पंधरा ऑगस्टच्या भाषणांपेक्षा मला ती मिरवणूक जास्त स्वतंत्र वाटते, हे खासगीत.

स्वातंत्र्य आणि स्वयंनिर्णय, एकच ना?

नाही. स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याचं राज्य गेलं. स्वयंनिर्णय म्हणजे आता काय करायचं ते आपण ठरवायचं, आणि ‘आपण’ म्हणजे कोण हेही त्यात आलंच. भांडण तिथेच असतं.

जगाच्या पातळीवर हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गाजला. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत तो पहिल्याच कलमात आहे. गंमत अशी की त्या सनदेवर सह्या करणाऱ्या ५१ संस्थापक देशांत भारतही होता, स्वतः पारतंत्र्यात असताना. १४ डिसेंबर १९६० ला आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा ठराव केला, तोवर आफ्रिकेत धडाधड नवे झेंडे लागत होते. काँगो-ब्राझाव्हिल तर त्याच वर्षी १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला. कोरियाचा मुक्तिदिनही १५ ऑगस्टच. आज संयुक्त राष्ट्रांत १९३ देश आहेत.

पुढे १९६६ च्या मानवाधिकार करारांत ‘सर्व लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे’ असं पहिलंच कलम आलं. भारताने १९७९ मध्ये ते करार स्वीकारले, पण एक खुलासा जोडून: हा हक्क परकीय सत्तेखालच्या लोकांसाठी आहे, स्वतंत्र देशातल्या एखाद्या भागासाठी नाही. फाळणी पाहिलेल्या देशाने असं म्हणणं समजण्यासारखं आहे. काही देशांनी त्यावर हरकत घेतली, तेही समजण्यासारखं आहे. पण देश फुटणं आणि देशात राहून आपलं आपण ठरवणं, यांत पुष्कळ मोकळी जागा आहे.

“देशाला मिळालं, विदर्भाला कधी?” ही घोषणा कार्यक्रमात चालेल का?

कार्यक्रमात नाही, पोह्यांच्या वेळी खुशाल. तिथे ती होतेच.

मुलांना हे माहीत असावं म्हणून लिहितो. १५ ऑगस्ट १९४७ ला नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल, राज्यपाल मंगलदास पक्वासा. १९५३ च्या नागपूर कराराने मराठी भाषकांनी एकत्र यायचं आणि वर्षातून एक अधिवेशन नागपूरला भरवायचं ठरलं. १९५५ मध्ये राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने मात्र विदर्भाचं वेगळं राज्य करा अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरची राजधानी गेली, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. लोकनायक अणे, ब्रिजलाल बियाणी, पुढे जांबुवंतराव धोटे, सगळ्यांनी वेगळ्या विदर्भासाठी आवाज उठवला. आजही १ मेला कोणी महाराष्ट्र दिन साजरा करतो तर कोणी काळ्या फिती लावतो, आणि दोघे एकाच टपरीवर चहा पितात.

माझं मत विचाराल तर बाजू कुठलीही घ्या, एक गोष्ट मला खटकते. एवढ्या वर्षांत विदर्भाच्या माणसाला सरळ मतपत्रिका देऊन कोणी विचारलंच नाही. आयोगांनी ठरवलं, करारांनी ठरवलं, पुढाऱ्यांनी ठरवलं. आमच्या ‘ब’ इमारतीतले एक काका म्हणतात, विचारलं असतं तर उत्तर ‘नको’ही आलं असतं. येऊ द्या की!

स्वातंत्र्यदिनाच्या पानावर दीक्षाभूमीचा उल्लेख कशाला?

एका नव्या शेजाऱ्यांचा हा प्रश्न होता. कारण असं. देश मोकळा झाला म्हणून देशातला प्रत्येक माणूस मोकळा झाला असं होत नाही, हे सगळ्यात स्पष्ट बाबासाहेबांनी सांगितलं. वर्ध्यात ‘चले जाव’चा मसुदा झाला त्यानंतर चारच दिवसांनी, १८ ते २० जुलै १९४२ ला, नागपुरात त्यांच्या उपस्थितीत दलितांची प्रचंड परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म तिथला. महिलांचीही स्वतंत्र परिषद झाली. शहात्तर-सत्त्याहत्तर किलोमीटरच्या अंतरात, एकाच आठवड्यात, स्वातंत्र्य म्हणजे काय याची दोन उत्तरं दिली जात होती. शाळेच्या पुस्तकात ही दोन पानं एकमेकांसमोर कधी येत नाहीत.

१९३५ मध्ये येवल्याला त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे बौद्ध धम्म स्वीकारला. मध्ये एकवीस वर्षं गेली, त्या काळात वाचन केलं, वाद घातले, इतर धर्म तपासले. लाखो माणसं आपला धर्म आपण ठरवायला या शहरात आली. स्वयंनिर्णय हा शब्द इतका जड वाटतो, तो मुलांना समजावायचा तर दीक्षाभूमीवर न्या.

आदिवासींचं काय? शहर तर गोंड राजाने वसवलेलं.

बरोबर, बख्त बुलंद शाहने. झिरो माईलजवळच्या गोवारी स्मारकापाशी थांबा. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानसभेचं अधिवेशन चालू असताना मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली आणि गोवारी समाजाची ११४ माणसं मेली, बहुतेक बायका आणि मुलं. आम्हाला आदिवासी म्हणा, एवढं मागायला आले होते.

आणि एक चांगली गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा-लेखा नावाचं गाव आहे. त्यांची घोषणा अशी: “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.” ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलतात. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. २०११ साली ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पावतीपुस्तकासारखं एक पुस्तक. त्यासाठी केंद्रातला मंत्री गावात आला होता.

झेंडा कोण फडकवणार? (दर वर्षीचं भांडण)

आधी अध्यक्ष फडकवायचे. मग एक वर्ष मोठे पाहुणे बोलावले, ते पन्नास मिनिटं उशिरा आले आणि मुलं पावसात उभी. तेव्हापासून पाहुणे बंद. पुढे सर्वांत ज्येष्ठ रहिवासी असं ठरलं, पण दोन आजींमध्ये वय कमी सांगण्याची चढाओढ लागली. आता चिठ्ठ्या टाकतो. चौदा तारखेला संध्याकाळी डब्यातून एक चिठ्ठी.

भाडेकरूंची नावं डब्यात घालायची का, यावर दोन बैठका झाल्या. सोसायटीच्या नियमांत भाडेकरू सभासद नाही, हे खरं. पण एका भाडेकरू बाईंनी विचारलं, “देशाच्या निवडणुकीत मला मत आहे, मग दोरीला का नाही?” १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी लोकांना मत मिळालं, घर नाही, शिक्षण नाही, पुरुष-बाई हे न बघता. इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर, शिक्षण बघून मत देत असत. आम्ही अठ्ठेचाळीस घरांत इंग्रजांचा नियम चालवत होतो, हे ध्यानात आल्यावर फारसं बोलायला उरलं नाही. आता सगळ्यांची नावं असतात. चौकीदार आणि सफाईच्या मावशींचीही.

मी आलो नाही तर? सुट्टी आहे, झोपायचं आहे.

झोपा. हजेरी घेत नाही. एका वर्षी न आलेल्यांची नावं ग्रुपवर टाकायची टूम निघाली होती, ती हाणून पाडली. बळजबरीने उभा केलेला माणूस कुठल्या स्वातंत्र्याला सावधान उभा राहणार? स्पीकरचा आवाज मात्र येईल, त्याला इलाज नाही.

नाश्त्याला काय?

तर्री पोहे. तर्री वेगळी, चण्याची, तिखट कमी करा असा आग्रह पुणेकरांनी धरू नये. जिलेबी पंधरा ऑगस्टला नसेल तर लोक परत जातात, म्हणून तीही. संध्याकाळी ड्राय डे असतो. हा प्रश्न ग्रुपवर कोणी विचारत नाही, मला वेगळा मेसेज येतो.

मी तिसरीत आहे. मला दोरी ओढता येईल का?

येईल. चौदा तारखेला साडेसहाला खाली ये आणि चिठ्ठीवर तुझं नाव तूच लिही, आईला लिहू देऊ नको. चिठ्ठी निघालीच तर स्टूल आहे. आणि ओढताना खालचीच दोरी ओढ, वरची नाही.